रास्नेचा शोध आणि आंतरजालावरील आप्त

महारास्नादि काढ्यासाठी आम्ही रास्ना मागविली आणि पोत्यातून निघाली ती कुलिंजनाची तांबूस, सुगंधी कांडे. पुरवठादारास विचारले असता त्याने शोधयंत्राचे पहिले पान आमच्यापुढे धरले. कुलिंजनाच्या चित्राखाली ‘रास्ना’ असेच छापलेले होते. त्याचे म्हणणे सर्वस्वी असत्य नव्हते. केरळात अल्पिनिया गॅलंगा हीच रास्ना म्हणून वापरतात, बंगालात वृक्षावर वाढणारी व्हँडा. शोधयंत्राने हा देशभेद पुसून टाकला होता, आणि वरच्या सर्व जागा विक्रेत्यांनी व्यापल्या होत्या.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्ताची लक्षणे सांगताना रज-तमापासून मुक्तता प्रथम मागितली आहे. ज्याला काही विकावयाचे आहे त्याचे वचन आप्तवचन कसे मानावे?

म्हणून आम्ही शोधयंत्र बाजूस ठेवले आणि थेट संस्थांच्या संकेतस्थळांवर गेलो. आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या पहिल्या भागाच्या तिसऱ्या खंडात रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलाटा, आणि उपयुक्तांग पान. प्रश्न येथेच सुटला. तरीही हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय वैद्यक वारसा संस्थेचे ई-निघंटू पाहिले. तेथे गुणकर्म मिळते. मात्र पोत्यातील द्रव्याची ओळख श्लोकावरून पटत नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे. लॅटिन नाव आज ग्राह्य आहे की बदलले, हे लंडनच्या क्यू उद्यानाच्या वनस्पतिसूचीत कळते. संशोधनासाठी १९९७ पासून सर्वांस विनामूल्य खुले असलेले पबमेड आहे. तेथेही शब्द घालून शोधावेच लागते, परंतु ती वैद्यकीय नियतकालिकांची सूची आहे, बाजार नव्हे. मागे घेतलेल्या निबंधावर तशी नोंदही असते. सूचीत आला म्हणून निबंध निर्दोष ठरत नाही. रुग्णसंख्या किती, द्रव्याची ओळख कोणी पटविली, हे वाचकानेच पाहावे.

हे सर्व पत्ते आम्ही चिकित्सालयातील वहीत लिहून ठेवले आहेत व ते अक्षरशः टंकित करतो. आपल्या शासकीय पत्त्याच्या अखेरीस ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘निक डॉट इन’ आहे ना, हे तपासण्यास क्षणही लागत नाही. (आमचे तरुण सहकारी या वहीस हसतात. हसोत!)

पोते परत गेले. काढा तीन आठवडे उशिरा सिद्ध झाला आणि तोवर संधिवाताच्या रुग्णांची समजूत घालावी लागली. तोच पुरवठादार आता मागणीपत्रावर लॅटिन नाव व उपयुक्तांग लिहून मागतो.