गालिचा कुणी कुणी घेतला?

फेब्रुवारी १९८१मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरात एका वर्तमानपत्राने बातमी छापली: मृतदेहांवर पोलिसांना काही ठरावीक तंतू सापडत आहेत. त्याआधी दीड वर्षाहून अधिक काळ तिथे कृष्णवर्णीय मुलं आणि तरुण बेपत्ता होत होते आणि त्यांचे मृतदेह झाडाझुडपांत, रस्त्याकडेला मिळत होते. बातमीनंतर मृतदेह नदीत सापडू लागले, तेही अंगावर जेमतेम कपडे असलेले. मारेकरी पेपर वाचत होता, असाच तपास करणाऱ्यांनी याचा अर्थ लावला.

मग पोलिसांनी पुलांवर पहारे बसवले. २२ मेच्या उत्तररात्री चॅटाहूची नदीच्या एका पुलाखाली दबा धरून बसलेल्या पोलिसाला पाण्यात काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. पुलावरून निघालेली पांढरी स्टेशन वॅगन अडवली गेली. आत होता वेन विल्यम्स, वय २२, फोटो काढणारा आणि गाणाऱ्या मुलांना संधी मिळवून देतो म्हणून सांगणारा. चौकशी करून त्याला सोडून दिलं. दोन दिवसांनी नदीच्या खालच्या अंगाला एका तरुणाचा मृतदेह वर आला. आवाज ऐकलेला होता, पण मृतदेह टाकताना कुणी पाहिलं नव्हतं. खटला मुख्यतः उभा राहिला तो तंतूंवर.

जॉर्जिया राज्याच्या प्रयोगशाळेतले लॅरी पीटरसन अनेक महिने हे तंतू गोळा करत होते. त्यांतला एक प्रकार वारंवार भेटे: पिवळसर हिरवा, जाडाभरडा नायलॉन, बहुधा गालिच्याचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आडवा छेद पाहिला तर तीन पाकळ्या दिसत, दोन लांब आणि एक आखूड. नायलॉनचा तंतू वितळलेल्या रसातून ओढला जातो आणि त्याचा घाट ठरतो तो चकतीच्या भोकांवर. सोऱ्यात शेवेची चकती घातली की शेव, चकलीची घातली की चकली. तीन पाकळ्यांचा घाट गालिच्यांसाठी मुद्दाम काढतात, कारण त्यावर प्रकाश विखुरतो आणि मळ लपतो. पण ही बेढब जात तज्ज्ञांच्या ओळखीची नव्हती.

इथून पुढचा तपास मला सगळ्यांत रंजक वाटतो, कारण तो भिंग सोडून दुकानदारीत शिरतो. एफबीआयचे हॅरोल्ड डेडमन यांनी कापडधंद्यातल्या रसायनतज्ज्ञांकडे विचारणा केली. तंतू वेलमन नावाच्या कंपनीचा निघाला, १८१बी या प्रकारातला, १९६७ ते १९७४ या काळात विकलेला. तो घेणाऱ्या गालिचेवाल्यांचे नमुने तपासता तपासता जॉर्जियातल्याच डाल्टन गावच्या वेस्ट पॉइंट पेपरेल कंपनीचा ‘लक्सेअर’ हा गालिचा जुळला. रंगाचं नाव ‘इंग्लिश ऑलिव्ह’. या तंतूपासून तो जेमतेम वर्षभर विणला गेला होता. विल्यम्सच्या घरात तसाच हिरवा गालिचा होता.

मग विक्रीच्या वह्या उघडल्या. आग्नेयेकडच्या दहा राज्यांत या रंगाचा १६,३९७ चौरस यार्ड गालिचा खपला होता. एका खोलीला २० यार्ड धरले तर सुमारे ८२० खोल्या होतात. त्यांतल्या अटलांटाच्या वाट्याला किती येतील आणि शहरात घरं किती, असा हिशेब मांडून आकडा निघाला: ७,७९२ घरांत एक. एका मृतदेहावर शेवरोले गाडीच्या चटईशी जुळणारा तंतूही होता. त्याची शक्यता आली ३,८२८ गाड्यांत एक. दोन्ही गुणले की उत्तर जवळपास तीन कोटींत एक.

हा शेवटचा आकडा ऐकून कुणीही गप्प बसेल, पण तोच सगळ्यांत कच्चा आहे. गालिचा किती घरांत अजून अंथरलेला आहे, किती फाटून फेकला गेला, हे वहीत नसतं. घर आणि गाडी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे गुणाकार करणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. माझ्या मते खरं वजन होतं ते वैविध्याचं. विल्यम्सच्या पलंगपोसात जांभळा ॲसिटेट आणि हिरवा सुती तंतू मिसळलेला होता. मृतदेहांवर ते दोन्ही मिळाले. घरच्या कुत्र्याच्या केसांशी जुळणारे केसही मिळाले. शिवाय कुटुंबाने वेळोवेळी गाड्या बदलल्या होत्या आणि ज्या काळात जी गाडी, त्या काळातल्या मृतदेहांवर तिच्याशी मिळतेजुळते तंतू. सरकारी पक्षाने असे धागेदोरे बारा बळींपर्यंत नेऊन दाखवले. २७ फेब्रुवारी १९८२ रोजी ज्युरीने विल्यम्सला दोन प्रौढ तरुणांच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं आणि त्याला दोन जन्मठेपा झाल्या. मुलांच्या खुनांचा खटला त्याच्यावर कधीच चालला नाही. तो आपण निर्दोष असल्याचं सांगत राहिला. २०१९मध्ये अटलांटाच्या महापौरांनी जुने पुरावे पुन्हा तपासायला सांगितले.

कापड दुकानातला जुना माणूस कडेचं सूत काढून काडी लावतो. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर सुती, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. प्रयोगशाळेला ही चैन परवडत नाही. तिच्या हातात असतो मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा एकच तुकडा, आणि तो जाळला तर पुरावाच गेला. म्हणून कपड्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून तंतू उचलतात, दोन नमुने एकाच दृश्यात शेजारी शेजारी ठेवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, रंगाचा वर्णपट मोजतात आणि अवरक्त किरणांनी रसायन ओळखतात. डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे दोन निळे तंतू वर्णपटात वेगळे पडतात. एवढं करूनही पांढरा सुती तंतू किंवा जीन्सचा निळा तंतू हाती लागला तर तज्ज्ञ फारसा खूश होत नाही. तो कुणाचाही असू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९च्या अहवालात हेच बजावलं: तंतूवरून कापडाचा प्रकार सांगता येतो, ते नेमकं हेच कापड असं सांगता येत नाही.

शिवाय तंतू टिकत नाहीत. पाउंड्स आणि स्मॉलडन या ब्रिटिश संशोधकांनी १९७५मध्ये दाखवलं, की अंगावरच्या कपड्याला चिकटलेल्या परक्या तंतूंपैकी सुमारे ८० टक्के पहिल्या चार तासांतच झडून जातात. माणूस हलतो, बसतो, उठतो. कपडा पिशवीत सीलबंद राहिला तर मात्र गोष्ट वेगळी. लंडनमध्ये १९९३ साली वर्णद्वेषातून मारल्या गेलेल्या स्टीफन लॉरेन्सच्या कपड्यांचे तंतू आणि रक्ताचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा डाग संशयितांच्या कपड्यांच्या पुन्हा झालेल्या तपासणीत मिळाले, आणि जानेवारी २०१२मध्ये दोघांना शिक्षा झाली. बचाव पक्षाचा सगळा रोख एकाच प्रश्नावर होता: इतकी वर्षं पिशव्या हाताळताना तंतू इकडून तिकडे गेले नाहीत कशावरून? सरकारी पक्षाला प्रत्येक पिशवीचा प्रवास कोर्टात उलगडून दाखवावा लागला.

आपल्याकडे १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३)ने सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करायचं ठरवलं आहे; राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पण तज्ज्ञ पोचण्याआधी शेजारचं कुणीतरी माणुसकीने घरातली चादर आणून मृतदेहावर टाकतं. मग त्या चादरीचे, ती ज्या अंथरुणावर होती त्या गोधडीचे आणि त्या गोधडीत शिवलेल्या जुन्या पातळांचे तंतू मृतदेहाच्या कपड्यांत मिसळतात. अशा वेळी तज्ज्ञाला आधी ती चादरच नमुना म्हणून मागून घ्यावी लागते.