उष्णतेचा हिशेब

माधवनगरहून तासगावच्या रस्त्याला लागले, की फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बेदाण्याच्या शेडमध्ये एकच लगबग दिसते. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढलेली द्राक्षे जाळीच्या रॅकवर थरांनी पसरलेली असतात, वरून हिरवे शेडनेट ओढलेले असते आणि पुढचे पंधरा-वीस दिवस ऊन-वारा आपले काम करत राहतात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, म्हणजे एक टन बेदाण्यामागे तीन टन पाणी हवेत उडून जाते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते, तेव्हा टनामागे हा हिशेब दोन हजार युनिटांवर जातो. हीच उष्णता विजेच्या हीटरने द्यायची ठरवली, तर हंगामाचा नफा बिलातच संपेल. सूर्य ती फुकट देतो. मात्र अक्षय ऊर्जेची प्रगती आपण मेगावॉटमध्ये मोजतो आणि त्या मोजणीत रॅकवरची ही ऊर्जा कुठेच येत नाही. माझे म्हणणे या मोजणीबद्दलच आहे. सांगली-साताऱ्याच्या या पट्ट्याला विजेइतकीच उष्णता लागते. ती सूर्य आणि सेंद्रिय कचरा या दोघांकडून, आणि दोघांची जोडी लावूनच, मिळवली पाहिजे.

इथला शेतमाल बघा. हळद काढली की शिजवावी लागते आणि मग उन्हात वाळवावी लागते. गुऱ्हाळात उसाच्या वाळलेल्या चिपाडावर चुलवाण पेटते आणि काहिलीतला रस आटतो. साखर कारखान्यांचे बॉयलर तर बगॅसवरच चालतात. दूध तापवायचे, कापड रंगवायचे, वसतिगृहाचा स्वयंपाक करायचा, या सगळ्याला शंभर-दीडशे अंशांच्या आतबाहेरची उष्णता पुरते. लोखंड वितळवण्याचा प्रश्न इथे नाही. एवढ्या माफक तापमानासाठी दगडी कोळसा जाळून आधी वीज करायची आणि त्या विजेची पुन्हा उष्णता करायची, यात वाटेतच निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जाते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही आणि तो बाहेरून आलेलाही नाही. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी १९८० च्या दशकात गोड ज्वारीच्या रसापासून मद्यार्क तयार केला आणि त्याच्या ऊर्ध्वपातनासाठी सौर उष्णता वापरून दाखवली. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवल्या. त्या कामाला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. २००६ साली त्याच संस्थेला तो पुन्हा मिळाला, तो खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी. पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या, एकीत दुसरी उलटी घातलेली, एवढाच त्याचा थाट. कर्व्यांचा मुद्दा मात्र मूलगामी होता. शेण म्हणजे जनावराने आधीच पचवून उरलेला चोथा. मिथेन करणाऱ्या जिवाणूंना पिष्ट आणि साखर सरळ दिली, तर दोन किलो अन्नात जे काम होते त्याला चाळीस किलो शेण लागते, आणि चाळीस दिवसांचा मुक्काम एका दिवसावर येतो, असे संस्थेचे म्हणणे होते.

मग गोबरगॅस बंद का पडला, हा पहिला आक्षेप. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्याच्या गॅसवर दिवे लागले. जशभाई पटेलांचे तरंगत्या टोपीचे संयंत्र खादी आयोगाने गावोगाव नेले आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू झाला. तरी आज कित्येक गोठ्यांमागे गंजलेली टोपी आणि कोरडी विहीर तेवढी उरली आहे. कारणे उघड आहेत. एक घनमीटर गॅसला रोज पंचवीस किलो शेण लागते, आणि तो गॅस जेमतेम पावणेदोन पाव स्वयंपाकगॅसची बरोबरी करतो, तोलून सांगायचे तर ०.४३ किलो. घरातली जनावरे कमी झाली, सिलिंडर दारात आला आणि टोपीला भोक पडल्यावर दुरुस्तीला कुणी मिळेना. रोज शेण कालवण्याचे काम बहुतेक घरात बाईच्याच वाट्याला होते, तिने सुटका करून घेतली यात तिचे काही चुकले नाही. यावरून तंत्र फसले असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. अनुदान बांधणीला होते, चालवण्याला नव्हते. जिथे रोजची गरज मोठी आहे आणि देखभालीला पगारी माणूस आहे, तिथे हेच तंत्र टिकते.

जोडीचा उत्तम नमुना भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’मध्ये आहे. तिथे ओला कचरा आधी सूर्यावर तापवलेल्या पाण्याबरोबर पहिल्या टाकीत जातो, पन्नास-साठ अंशांना उष्णताप्रिय जिवाणू तो फोडतात आणि मग तो गॅसच्या टाकीत उतरतो. थंडीत गॅस मंदावणे हे बायोगॅसचे जुने दुखणे, त्यावर इथे उन्हाचाच उतारा आहे. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ पासून प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या वाफ तयार करतात. आभाळ भरून आले, तर बॉयलर आहेच. त्या बॉयलरला निर्माल्याचा आणि खरकट्याचा गॅस का मिळू नये?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सौर पॅनेल इतके स्वस्त झाले आहेत, की सरळ वीजच करावी आणि उष्णता पंपाने एका युनिटाची तीन युनिटे उष्णता घ्यावी. अंघोळीच्या पाण्यापुरते हे मी मान्य करतो. पण रात्रीसाठी वीज साठवायची तर बॅटरी लागते आणि गॅस टाकीत आपोआप साठतो. शिवाय कचऱ्याची विल्हेवाट पॅनेल लावत नाही. बाजार समितीतला सडका भाजीपाला, बेदाण्याच्या काड्या, कारखान्याचा प्रेसमड हे कुठेतरी जाणारच. उघड्यावर कुजले तर त्यांचाच मिथेन हवेत जाईल.

पाचटाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट म्हणजे इंधनाची खाण, असे म्हणणाऱ्यांनी आपली जमीनही पाहावी. खारवट होत चाललेल्या, सेंद्रिय कर्ब घटलेल्या या रानांत पाचटाचे आच्छादन हेच त्याचे पहिले काम. जे शेतकरी ते पेटवूनच देतात, त्यांच्या रानातल्या पाचटाचा कोळसा करणे धुरापेक्षा बरे, एवढेच. बायोगॅसचे तसे नाही. त्यात कर्बाचा काही भाग गॅस म्हणून गेला, तरी नत्र, स्फुरद, पालाश स्लरीतून रानात परत येतात. म्हणून ओल्या कचऱ्याला माझा कौल आहे, पाचटाला नाही.

सुरुवात बेदाण्यापासून व्हावी. मार्च-एप्रिलमधल्या अवकाळी पावसाच्या दोन-तीन रात्री मालाचा रंग काळवंडवतात आणि दर पाडतात. एक घनमीटर बायोगॅसमध्ये सुमारे सहा युनिट उष्णता असते, ती नऊ किलो पाणी उडवू शकते. निम्मी वाया गेली तरी चार किलो. सगळा माल यावर वाळणार नाही, तसे करायची गरजही नाही. उन्हाचे काम ऊनच करील. गावच्या शेडधारकांनी मिळून बाजारातल्या कचऱ्यावर एक संयंत्र चालवावे. त्याच्यावर पगारी माणूस असावा, वर्षभर गॅस एखाद्या वसतिगृहाला किंवा डेअरीला विकावा आणि आभाळ येईल त्या रात्री तो शेडमधल्या गरम हवेच्या भट्टीकडे वळवावा. अनुदान द्यायचेच, तर बांधलेल्या टाकीवर न देता मीटरवर मोजलेल्या गॅसच्या घनमीटरवर द्यावे.