मागच्या पाट्यांचे काम आणि डीलरच्या चुका : गैरसमज व वस्तुस्थिती

अधिकृत डीलरकडे ट्रकचे मागचे पाटे बदलले की काम संपले, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. नवे पाटे भाराखाली एकमेकांवर बसतात, रंगाचा थर दबतो आणि यू-बोल्टची पकड ढिली होते. म्हणून गाडी काही अंतर मालासह चालल्यावर उत्पादकाने ठरवलेल्या टॉर्कने यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. ही दुसरी आवळणी मालकाला न सांगणे ही कार्यशाळेची चूकच. सोडलेले जुने यू-बोल्ट परत बसवणे त्याहून वाईट, कारण एकदा ताणलेला बोल्ट नव्याइतकी पकड देईल याचा भरवसा नसतो. बिलात नव्या यू-बोल्टची नोंद नसेल तर तिथेच विचारणा करावी.

सेंटर बोल्ट तुटला की ‘माल जास्त भरला’ असे सांगून मालकाला वाटेला लावले जाते. सेंटर बोल्ट पाटे एकत्र ठेवतो आणि अ‍ॅक्सलची जागा ठरवतो. अ‍ॅक्सल घट्ट धरण्याचे काम यू-बोल्टचे. ते सैल राहिले तर अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकतो आणि सेंटर बोल्ट कातरला जातो. जादा भाराने पाटे मोडतात हे खरे. पण पाटा सेंटर बोल्टच्या भोकाशीच मोडला असेल तर आधी यू-बोल्टचा टॉर्क तपासला पाहिजे, भाराची चर्चा त्यानंतर.

पुढचे टायर झिजले म्हणजे दोष पुढच्या चाकांतच, हेही खरे नाही. मागचा अ‍ॅक्सल तिरका बसला तर गाडी एका बाजूला ढकलली जाते, चालक स्टिअरिंग किंचित वळवून धरतो आणि झीज पुढे दिसते. अशा वेळी पुढचे अलाइनमेंट कितीदा केले तरी पैसे वायाच जातात. पुढच्या हँगरच्या पिनपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजले की फरक कळतो.

पाट्यांचा ब्रेकशी संबंध नाही, हा समज सर्वांत धोक्याचा. अनेक ट्रकांत भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते आणि चासी व अ‍ॅक्सल यांतील अंतरावरून तो भार ओळखतो. पाट्यांची उंची बदलली आणि व्हॉल्व्ह पुन्हा जुळवला नाही, तर भरलेली गाडी रिकामी समजून मागचा ब्रेक कमी लागू शकतो, किंवा रिकामी असताना मागची चाके लॉक होऊ शकतात. जॉब कार्डावर या जुळवणीची नोंद मागून घ्यावी.

रबरी बुश लवकर फाटले तर माल निकृष्ट असेलच असे नाही. चाके लटकत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि तसेच राहते.

बिलावर हरकत असली की पैसे न देता गाडी सोडवता येते, असे पुष्कळांना वाटते. करारात वेगळे ठरले नसेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत दुरुस्ती करणाऱ्याला वस्तू अडवून ठेवता येते. मात्र हे काम करारानुसार झालेले असावे लागते. गाडीवाचून धंदा अडला असेल तर लेखी हरकत नोंदवून पैसे भरावेत. ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली तपासणीआधी सही करू नये आणि काढलेले जुने भाग परत मागावेत.

मालवाहू गाडीला ग्राहक कायदा लागू होत नाही, हे अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधून व्यापारी हेतूची सेवा वगळली आहे. पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी विकत घेऊन स्वतः वापरलेल्या वस्तूचा वापर त्या हेतूत मोडत नाही. त्या आधारावर स्वतःचा एकच ट्रक चालवून घर चालवणारा मालक सेवेतील त्रुटीची तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करू शकतो. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. मोठ्या ताफ्याच्या मालकाला साधारणपणे दिवाणी न्यायालयात जावे लागते.