वासाचें बोलावणें

शहरांतील एखाद्या घराच्या गच्चीवर कढीलिंबाची कुंडी असते. आसपास शेत नाहीं, बाग नाहीं. तरी एके दिवशीं त्या झाडावर हिरव्या अळ्या दिसतात आणि पाहतां पाहतां पानें नाहींशीं होतात. फुलपाखरूं तिसऱ्या मजल्यावर आलें कसें, आणि शेजारची मोगऱ्याची कुंडी सोडून नेमकीं याच झाडावर त्यानें अंडीं घातलीं कां? या साध्या प्रश्नाच्या उत्तरांत वऱ्हाडांतील संत्र्याच्या बागांचें एक मोठें कोडें सामावलेलें आहे.

कढीलिंब, लिंबूं, संत्रें, बेल आणि कवठ हीं सारीं एकाच कुळांतील झाडें होत. पान चुरगळलें म्हणजे जो उग्र वास येतो, तो पानांतील बारीक पिंडांत सांठलेल्या तेलाचा. हें तेल पुष्कळ किड्यांना नकोसें असतें. झाडाचें तें एक संरक्षणच होय. परंतु ज्या कांहीं जातींनीं तें पचविण्याची युक्ति साधली आहे, त्यांना तोच वास ओळखीची खूण होऊन बसला आहे. लिंबावरील फुलपाखराची मादी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनीं तें थोपटून पाहते. त्या पायांवर चव घेणारीं इंद्रियें असतात. त्यांनीं ग्वाही दिली म्हणजेच ती अंडें घालते. तिच्या अळीला डिवचावें, तर ती डोक्यामागून तांबूस रंगाचें दुभंगलेलें शिंग बाहेर काढून तीव्र दर्प सोडते. मुंग्यांसारखे शत्रु त्यानें मागें हटतात.

वाशीम जिल्ह्यांत मंगरूळपीरच्या बाजूस संत्र्याच्या बागा आहेत. तेथील बागवानाला या अळीपेक्षां अधिक धाक असतो तो रात्रीं येणाऱ्या पतंगांचा. पावसाळ्याच्या अखेरीस आंबिया बहाराचीं फळें पिकूं लागतात आणि त्यांचा वास अंधारांत दूरवर पसरतो. त्या वासाच्या मागानें रस शोषणारे पतंग बागेंत शिरतात. त्यांची सोंड बळकट व टोंकदार असते. सालीला भोंक पाडून ते रस ओढून घेतात. गेलेला रस थोडा, पण त्या छिद्रांतून बुरशी व जंतु आंत शिरतात, फळ सडतें आणि गळून पडतें. वर्षभर जपलेलें फळ असें हातीं येतां येतां जातें. आणि खालीं पडलेल्या फळांचा आंबूस वास पुन्हां नव्या पतंगांना बोलावून आणतो.

गंमत अशी कीं, या पतंगांच्या अळ्या संत्र्याच्या झाडावर मुळींच वाढत नाहींत. त्या बांधावरील गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर पोसतात. घरांत जी गुळवेल औषधी म्हणून मानाची, तीच बागेच्या कुंपणावर वैऱ्याचें माहेर ठरते. म्हणून बागेभोंवतींच्या या वेली काढाव्या, गळालेलीं फळें रोज वेंचून पुरावीं आणि संध्याकाळीं बागेंत धूर करावा, असें बागवानांस सांगण्यांत येतें. धुराचा हेतु हाच कीं, फळाचा वास त्यांत बुजून जावा आणि पतंगांची वाट चुकावी.

वासानें शत्रूला चुकवितां येतें, तसें पकडतांहि येतें. फळमाशीची मादी पिकत्या फळांत अंडीं घालते. बिहारमधील पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ फ्रँक हाउलेट यांनीं १९१२ सालीं लिहिलें कीं, डास दूर राहावे म्हणून लोक जें सिट्रोनेला तेल वापरतात, त्याच तेलाकडे फळमाशीचे नर धांवत येतात. या ओढीचें मूळ मेथिल युजेनॉल नांवाच्या द्रव्यांत आहे, हें त्यांनीं १९१५ मध्यें दाखविलें. तुळशीच्या कांहीं प्रकारांतहि हें द्रव्य असतें. आज सापळ्यांत तें विषासह ठेवून नरांचा नाश करितात. नर उरले नाहींत म्हणजे माद्यांचीं अंडीं वांझ राहतात. पॅसिफिक महासागरांतील रोटा बेटावरून १९६५ च्या सुमारास एका जातीच्या फळमाशीचें अशाच रीतीनें उच्चाटन झालें.

कोंवळ्या नवतीवर जगणारी सायला ही कीड आकारानें लहान, पण तिचा उपद्रव फार मोठा. कारण तिच्या द्वारें ग्रीनिंग या रोगाचे जंतु झाडाझाडांतून फिरतात. रोगी झाड अंगदुखीच्या मलमाला येतो त्या जातीचा वास, म्हणजे मेथिल सॅलिसिलेट, अधिक सोडतें, असें २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. त्या वासाला भुलून सायला येते. पण रोगी झाडांत पोषण कमी असल्यामुळें जंतु घेऊन निरोगी झाडाकडे निघून जाते. उलट व्हिएतनाममध्यें संत्रावर्गीय झाडांत पेरू लावल्यानें या किडीचा उपद्रव घटल्याचें दिसलें, आणि पेरूच्या पानांतील गंधकयुक्त वायूंना त्याचें श्रेय देण्यांत आलें. मात्र हें यश सर्वच प्रदेशांत सारखें मिळालेलें नाहीं.

सायला कढीलिंबावरहि राहते. म्हणून परसांत लिंबाचें किंवा संत्र्याचें झाड असेल, तर शेजारच्या कढीलिंबाचे कोंवळे शेंडे अधूनमधून उलटून पाहावे. वासाला कुंपण अडवीत नाहीं, आणि पतंगालाहि नाहीं. एकट्यानें आपला बांध साफ केला आणि शेजाऱ्यानें वेली तशाच राखल्या, तर श्रम वायां जातात. म्हणून हें काम शेजारच्या सर्व बागांनीं एकाच वेळीं हातीं घ्यावें लागतें.