नदी, होकायंत्र आणि क्रीकांची भूमी

ओक्लाहोमाच्या पूर्व भागातील मोठा प्रदेश गुन्हेगारी कायद्याच्या दृष्टीने आजही क्रीक राष्ट्राचे राखीव क्षेत्र आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०२० रोजी दिला. क्रीक अर्थात मस्कोगी लोक मात्र मूळचे तेथले नव्हेत. त्यांची गावे आजच्या जॉर्जिया आणि अलाबामात होती. ती कशी सुटली, याचा इतिहास वाटाघाटींचाच आहे.

आरंभी भूमी गेली ती उधारीपायी. हरणांच्या कातड्यांच्या बदल्यात बंदुका, कापड व मद्य देणाऱ्या व्यापाऱ्यांची देणी फुगली आणि ती फेडण्यासाठी १७७३ मध्ये ऑगस्टा येथे क्रीक व चेरोकींनी सुमारे २० लाख एकर भूमी दिली. मोजणीपथकासोबत असलेले निसर्गअभ्यासक विल्यम बार्ट्राम यांनी तेव्हाचा एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. मोजणीदाराने होकायंत्र पाहून दिशा सांगितली; क्रीक प्रमुखाने ती चुकीची ठरवली. यंत्र चुकत नाही, असे मोजणीदार म्हणाला, तर ते खोटे बोलून आमची भूमी बळकावू पाहते, असे प्रमुखाचे उत्तर. चूक मोजणीदाराचीच निघाली! अखेर होकायंत्र बाजूला ठेवून प्रमुखाने स्वतः पथकाला वाट दाखवावी, या अटीवर काम पुढे सरकले.

स्वातंत्र्यानंतर समोरचा पक्ष बदलला. १७९० मध्ये अलेक्झांडर मॅकगिलिव्हरे यांनी न्यूयॉर्कच्या करारात ओकोनी नदीपर्यंतची भूमी सोडली. मोबदल्यात उर्वरित प्रदेशाची हमी मिळाली. तेथे घुसणाऱ्या गोऱ्या वसाहतकाऱ्याला क्रीकांनी हवी ती शिक्षा द्यावी, असेही कलम होते. हमी कागदावरच राहिली. १८०५ मध्ये सीमा ओकमल्गी नदीवर आली आणि १८१४ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांनी दोन कोटींहून अधिक एकर घेतले, तेही युद्धात त्यांच्याच बाजूने लढलेल्या क्रीकांच्या भूमीसह.

यानंतर परिषदेच्या संमतीविना भूमी विकणाऱ्यास मृत्युदंड, असा कायदा क्रीकांनी केला. तरीही फेब्रुवारी १८२५ मध्ये विल्यम मॅकिन्टॉश यांनी इंडियन स्प्रिंग्ज येथे जॉर्जियातील भूमी देऊन टाकली. ३० एप्रिलला परिषदेच्या आदेशावरून त्यांना ठार करण्यात आले. संघराज्य सरकारने तो करार रद्द केला खरा, पण १८२६ च्या नव्या कराराने जॉर्जियातील जवळजवळ तीच भूमी घेतली. १८३६ मध्ये अलाबामात उरलेल्या हजारो क्रीकांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हलवण्यात आले. तेथे त्यांना दिलेला प्रदेश म्हणजेच आजचे पूर्व ओक्लाहोमा.