हुशारीसाठी झोपेला कात्री?

दहावी-बारावीचं वर्ष लागलं की घरात पहिली कात्री झोपेला लागते. ‘हुशार मुलं कमी झोपतात,’ हे आईवडिलांपासून क्लासच्या सरांपर्यंत सगळेच सांगतात. त्याला आधार नाही. जनुकातल्या बदलामुळे सहा तासांत ताजीतवानी होणारी माणसं असतात, पण ती फार विरळा. आणि तो गुण हुशारीची खूण नव्हे.

‘सवय झाली की कमी झोपही पुरते,’ हा समज त्याहून घातक. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी माणसांच्या गटांना सलग १४ रात्री ४, ६ किंवा ८ तासच झोपू दिलं. दिवसा दर दोन तासांनी परीक्षा: पडद्यावर आकडे पळू लागले की लगेच बटण दाबायचं. सहा तास झोपणारेही दिवसागणिक चुकत गेले. दोन आठवड्यांनी त्यांचं लक्ष अख्खी रात्र जागलेल्या माणसासारखं भरकटू लागलं. ‘झोप येतेय का?’ या प्रश्नावर मात्र त्यांचं उत्तर ‘थोडीशी’ याच्या फारसं पुढे गेलं नाही. आपली बुद्धी मंदावली आहे, हे झोप कमी पडलेल्या माणसाला स्वतःला कळत नाही. म्हणून ‘मला पाच तास पुरतात’ या साक्षीवर विसंबू नये.

झोपेत वेळ वाया जातो, हेही खरं नाही. कॉर्नेल विद्यापीठात १९२४ साली दोन विद्यार्थ्यांकडून दहा-दहा निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ करून घेतल्या होत्या. आठ तास झोपून उठल्यावर त्यांना निम्म्याहून अधिक शब्द आठवले. तेवढाच वेळ जागं राहिल्यावर दहातला जेमतेम एक. गाढ झोपेत मेंदू दिवसभरातलं शिकणं पुन्हा घोळवतो आणि पक्कं करतो, हे पुढच्या संशोधनातून दिसलं. मात्र जास्त झोपून बुद्ध्यांक वाढत नाही. आहे ती बुद्धी नीट वापरता येते, इतकंच. आणि परीक्षेत तेच लागतं.

पहाटे चारला उठवण्याचा आग्रहही तपासायला हवा. तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास झोप लागते आणि या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं. रात्री अकराला डोळा लागत नाही, हा आळस नव्हे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. ज्यांना पहाटे उठणं सर्वांत जड जातं, त्या आठवी ते बारावीच्या मुलांसाठीही तो लागू व्हायला हवा.