परतीच्या सामानात संगणकही हवा

मे २०२० मध्ये मुंबईहून सिंधुदुर्गात आपल्या गावी यायचे तर गाडीत बसण्याआधी ई-पास काढावा लागत होता. अर्ज ऑनलाइन भरायचा, कागदपत्रांच्या प्रती जोडायच्या, मंजुरीची वाट पाहायची आणि मग खारेपाटणच्या नाक्यावर तो पास दाखवून जिल्ह्यात शिरायचे. त्याच महिन्याच्या ७ तारखेला परदेशांत अडकलेल्या भारतीयांसाठी 'वंदे भारत' विमाने सुरू झाली. दुबई, दोहा, कुवेतमधल्या आपल्या माणसांना विमानाच्या तिकिटाआधी दूतावासाच्या ऑनलाइन अर्जात नाव नोंदवावे लागले. जूनच्या सुरुवातीला केंद्र सरकारने परतणाऱ्या कामगारांसाठी 'स्वदेस' ही नोंदणी सुरू केली. कोणते काम येते, किती वर्षे केले, हे त्यात भरायचे होते, म्हणजे इथल्या कंपन्यांना अशी माणसे शोधता येतील. तोही अर्ज ऑनलाइनच.

आम्ही सिंधुदुर्गनगरीच्या परिसरात उर्दू आणि मराठी शिकवणारे शिक्षक. कोणाचा अर्ज अडला की मुलांचे पालक आमच्याकडे येतात, म्हणून ही अडचण आम्हाला जवळून दिसते. वीस वर्षे परदेशात क्रेन चालवलेला, मोठमोठ्या इमारतींची वायरिंग केलेला माणूस आपल्याच घरी परतण्याचा अर्ज भरताना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. हाताला हुन्नर असूनही स्वतःचे नाव टाइप करून देणारा कोणी तरी त्याला शोधावा लागतो.

घरी परतू पाहणाऱ्या माणसाला संगणक शिकवायचा म्हटले की आपल्या मनात आधी नोकरी येते. नोकरी महत्त्वाची आहेच. पण त्याच्याही आधी एक काम आहे. आपण कोण, कुठे होतो, काय कमावले आणि काय येणे आहे, हे परतणाऱ्याला सिद्ध करावे लागते. त्याचे कागद त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहावेत यासाठी ही विद्या हवी.

कुवेतहून आलेल्यांचा धडा

कोकणातल्या घरांना १९९० विसरता येणार नाही. २ ऑगस्टला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवले. तिथे त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. बहुतेकांना बसने इराक ओलांडून जॉर्डनची राजधानी अम्मान गाठावी लागली. वाटेत वाळवंटातल्या छावण्यांत दिवस काढावे लागले. काल-परवापर्यंत पगारदार असलेली माणसे पाण्याच्या आणि रोटीच्या रांगेत उभी राहिली. एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून लाखाहून अधिक लोकांना मायदेशी आणले. त्यांत कोकणातलेही होते. अनेकांच्या हातात फक्त एक पिशवी होती.

पुढची गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने जिनिव्हा येथे भरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलविक्रीतला हिस्सा घेऊन नुकसान झालेल्यांना पैसे द्यायचे, अशी ती योजना होती. कुवेत किंवा इराक सोडावे लागले, एवढ्याच दाव्यासाठी एका माणसाला २,५०० डॉलर आणि कुटुंबाला ५,००० डॉलर ठरले. दुसरा दावा करणार नाही असे लिहून दिल्यास हीच रक्कम ४,००० आणि ८,००० होत होती. बुडालेला पगार, गेलेले सामान, बँकेतली शिल्लक यांसाठी १,००,००० डॉलरपर्यंतचा वेगळा दावा करता येत होता.

पहिल्या दाव्याला देश सोडल्याची तारीख दाखवणारा साधा पुरावा पुरत होता. मोठ्या दाव्याला मात्र नुकसानाचा पुरावा जोडायचा होता. नोकरीचा करार, पगाराची चिठ्ठी, बँकेचे पुस्तक, दुकानाचा हिशेब. ते सारे कुवेतमधल्या खोलीतल्या कपाटात राहिले असेल, तर माणसाने काय जोडायचे? त्या काळी घरोघरी संगणक नव्हते, त्यामुळे कोणाला दोष देता येत नाही. आज ती सबब उरलेली नाही. आज मोबाइलने काढलेली कराराची एक स्वच्छ प्रत घरी पाठवून ठेवली, तर कपाट मागे राहिले तरी कागद हाती राहतो.

छावणीतले संगणक

परतीची तयारी म्हणून संगणक शिकवण्याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. १९८३च्या दंगलीनंतर श्रीलंकेतले तमिळ निर्वासित तामिळनाडूत येऊ लागले. पुढच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने सुमारे तीन लाख लोक आले आणि शंभरावर छावण्यांत विखुरले. त्यांच्यातल्याच लोकांनी १९८४ मध्ये एस. सी. चंद्रहासन यांच्या पुढाकाराने 'ओफर' ही संस्था चेन्नईत उभी केली. कधी तरी परत जायचे आहे आणि रिकाम्या हाताने जायचे नाही, ही तिची भूमिका होती. मुलांचे शिक्षण, आरोग्य आणि बायकांचे बचतगट यांच्या जोडीला तिने छावण्यांतल्या तरुणांना संगणकही शिकवला.

या संस्थेचे आणखी एक काम आम्हाला फार मोलाचे वाटते. छावणीत जन्मलेल्या मुलांची नोंद श्रीलंकेच्या दप्तरी होणे गरजेचे होते. देशाबाहेर जन्मलेल्या मुलाला नोंदणीशिवाय तिथले नागरिकत्व मिळत नाही. आईबाप घरी परतले आणि मूल कागदावर कुठलेच नाही, अशी वेळ येऊ शकली असती. संस्थेने जन्मदाखले आणि नोंदणी यांसाठी कुटुंबांना मदत केली. संगणकाचा वर्ग आणि जन्मदाखल्याची फाइल ही दोन्ही परतीचीच तयारी होती.

याच्या उलट चित्र पेशावरजवळ दिसले. २००२ मध्ये पाकिस्तानातले अफगाण निर्वासित मोठ्या संख्येने मायदेशी निघाले. एकाच माणसाने प्रवासखर्चाची मदत दोनदा घेऊ नये म्हणून त्या वर्षी निर्वासितांच्या डोळ्यांतल्या बुबुळांची तपासणी संगणकाने सुरू झाली. यंत्र क्षणात ओळखत होते की हा माणूस आधी येऊन गेला आहे का. व्यवस्थेच्या बाजूने ते सोयीचे होते. पण संगणकासमोर उभ्या राहिलेल्या त्या माणसाला यंत्राने आपल्याविषयी काय नोंदवले, हे वाचता येत नसेल तर तो फक्त तपासला जातो. आपल्याकडे अंगठा लावून धान्य घेणाऱ्या आणि ओटीपी दुसऱ्याला वाचून दाखवणाऱ्या माणसाची गत फार वेगळी नाही.

काय शिकवावे?

आपल्या घरातले कोणी सहा महिन्यांत किंवा वर्षभरात कायमचे परतणार असेल, तर आम्ही पाच धडे सुचवतो. ते तिथे शिकता येतील आणि इथे घरच्यांनाही शिकवता येतील.

पहिला धडा नावाचा. पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न् अक्षर, इंग्रजीत आपले नाव टाइप करणे. मोहम्मद, शेख, काझी ही नावे इंग्रजीत तीन-चार प्रकारांनी लिहिली जातात. पासपोर्टवर एक, आधारवर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे असले की पुढे प्रत्येक खिडकीवर थांबावे लागते. त्यात आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो, तर पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा. हे फरक माणसाने स्वतः टाइप करताना पाहिले की ते वेळेवर दुरुस्त होतात.

दुसरा धडा कागदांचा. नोकरीचा करार, पगाराच्या चिठ्ठ्या, अनुभवाचा दाखला, वाहन परवाना, दवाखान्याची कागदपत्रे, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे निकाल यांच्या प्रती काढायच्या. प्रत्येक फाइलला नाव द्यायचे. 'पगार मार्च २०२४' असे नाव असेल तर ती दहा वर्षांनीही सापडते. मोबाइलने आपोआप दिलेल्या आकड्यांच्या नावातून काही सापडत नाही. हे सर्व तीन जागी ठेवायचे: स्वतःच्या ईमेलमध्ये, पेन ड्राइव्हवर आणि घरी भाभीकडे किंवा अम्मीकडे.

तिसरा धडा ईमेल आणि मोबाइल नंबरचा. कंपनीने दिलेला ईमेल नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा वेगळा हवा आणि त्याचा पासवर्ड स्वतःला माहीत हवा. तिथला मोबाइल नंबर बंद झाला की त्याच्यावर येणारे ओटीपी बंद होतात. बँक, आधार, व्हॉट्सअॅप जिथे जिथे तो नंबर दिला आहे तिथे निघण्यापूर्वीच बदलून घ्यावा. भारतातले जुने सिम रिचार्जविना पडून राहिले तर तेही बंद होते.

चौथा धडा हिशेबाचा. संगणकावरचा तक्ता, ज्याला सगळे एक्सेल म्हणतात, तो शिकायला चांगले निमित्त म्हणजे आपली ग्रॅच्युइटी. अमिरातीतल्या कायद्याने नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो. मूळ पगार १,५०० दिरहम आणि नोकरी आठ वर्षांची धरू. एका दिवसाचे ५० दिरहम. पहिल्या पाच वर्षांचे ५,२५०, पुढच्या तीन वर्षांचे ४,५००, एकूण ९,७५० दिरहम. कंपनीने यापेक्षा कमी आकडा दाखवला तर विचारायला हा तक्ता हाती असतो. देणेघेणे लिहून ठेवा, ही ताकीद आपल्याला सूरह बकरामध्ये आहेच. तक्ता हे त्या लिहिण्याचे आजचे साधन.

पाचवा धडा अर्जाचा. 'आपले सरकार'वर दाखल्याचा अर्ज, बँकेचा अर्ज, मुलाच्या प्रवेशाचा अर्ज. अर्ज भरून झाल्यावर पावती जतन करणे आणि सायबर कॅफेतल्या संगणकातून बाहेर पडताना लॉगआउट करणे हा त्याचाच भाग. बँकेबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कायमचे परतल्यावर एनआरई खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलून घ्यावे लागते.

कसे शिकवावे?

प्रौढ माणूस मुलासारखा शिकत नाही. त्याला चुकण्याची शरम वाटते. स्वतःच्या मुलासमोर तर अधिकच. म्हणून शिकवणाऱ्याने माऊस हिसकावून 'बघा, असे' म्हणू नये. हात त्याचाच चालू द्यावा. सरावाला पाठ्यपुस्तकातला मजकूर देऊ नये, त्याचा स्वतःचा कागद द्यावा. मोबाइल सफाईने चालवणाऱ्याला संगणक येतोच असे नाही. व्हिडिओ पाहणे आणि फाइल जोडून अर्ज पाठवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

भाषेची भीतीही काढावी लागते. आता युनिकोडमुळे मराठी आणि उर्दू दोन्ही कुठल्याही संगणकावर लिहिता येतात. जुन्या इनपेजमधला उर्दू मजकूर किंवा जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर नुसत्या खुणांसारखा दिसायचा, तो काळ मागे पडला. अम्मीला उर्दूत आणि अब्बांना मराठीत लिहिणे सोपे जात असेल, तर तसेच सुरू करावे. इंग्रजी अर्जातल्या वीस-पंचवीस शब्दांपलीकडे फारसे काही लागत नाही.

शिकण्याच्या सोयी आपल्याकडे आहेत. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००१ पासून महाराष्ट्रभर चालतो. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेच्या केंद्रांत संगणकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. केंद्र सरकारची ग्रामीण डिजिटल साक्षरता योजना २०१७ ते २०२४ या काळात चालली. त्यात २० तासांचे शिक्षण होते आणि घरटी एक माणूस हे तत्त्व. योजना संपली तरी ते तत्त्व आपण घरात चालू ठेवू शकतो. आमच्या मते तो एक माणूस घरातली स्त्री असावी. पुरुष परदेशी असतो तेव्हा घरचे कागद तीच सांभाळते, सेतूच्या रांगेत तीच उभी राहते आणि ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात हेलपाटे तीच घालते.

बांद्यापासून खारेपाटणपर्यंत आपल्या कितीतरी घरांत कोणाची तरी वाट पाहणे चालू आहे. घराला रंग काढला जातो, खोली वाढवली जाते. या वेळी फोनवर बोलताना एवढेच विचारावे: 'कराराची प्रत पाठवलीस का? तुझ्या ईमेलचा पासवर्ड तुला माहीत आहे ना?' उत्तर 'नाही' असेल, तर पुढच्या जुम्म्याच्या सुट्टीत पहिला धडा तिथूनच सुरू करता येईल.